जिंकलेलं शहर कामाला कसं लावायचं: डावपेचांच्या खेळांत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

ऐतिहासिक डावपेचांचे खेळ नव्याने खेळणारे वेढा घालायला लवकर शिकतात. शहर पडतं, विजयाची पाटी झळकते आणि तिथूनच डाव बिघडायला लागतो. दहा-बारा टर्नांत (खेळातल्या पाळ्यांत) तिजोरी रिकामी होते, जिंकलेल्या शहरांत बंडाळी माजते आणि फौज बंदोबस्तात अडकते. लढाईत काही चुकलेलं नसतं. शहर कशासाठी घ्यायचं, एवढंच आधी ठरलेलं नसतं. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आणि ठरवल्यानंतरच्या कामांबद्दल आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वाढलेल्यांना उदाहरणं शोधायला लांब जायला नको. समोरचा किल्ला १७८० ते १८८६ या काळात छाप्याने पडला, दोस्ताला बक्षीस दिला गेला, परत जिंकला गेला, तहात मिळाला आणि शेवटी दुसऱ्या शहराच्या बदल्यात परत आला. खेळांच्या मेनूत शहराचं जे जे करता येतं, त्यातलं जवळपास सगळं या एका किल्ल्याबाबत घडून गेलं आहे. म्हणून खाली नियम खेळांचे आणि दाखले इकडचे, अशी सांगड घातली आहे.

सुरू करण्याआधी काय लागेल

एकच खेळ निवडा. अगदी नवीन असाल तर सिव्हिलायझेशन ५ किंवा ६ घ्या. लढाया स्वतः लढवायच्या असतील तर रोम: टोटल वॉर (पुढे नुसतं 'रोम') किंवा मिडीव्हल २. मराठे म्हणून खेळायचं असेल तर एम्पायर: टोटल वॉर, त्यात १७०० सालापासून मराठा राज्य हाती घेता येतं. युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ सर्वांत खोल आहे आणि सर्वांत उशिरा समजतो, तो दुसरा खेळ म्हणून ठेवा. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात वर्षातून बऱ्याचदा मोठी सवलत असते, घाईने पूर्ण किंमत मोजू नका.

विकत घेताना विस्तार (मूळ खेळाला वेगळी घ्यावी लागणारी जोड) तपासा. सिव्हिलायझेशन ६ मधली शहराची निष्ठा ही व्यवस्था मूळ खेळात नाही. ती 'राइज अँड फॉल' किंवा 'गॅदरिंग स्टॉर्म' असेल तरच चालू होते. सिव्हिलायझेशन ५ बद्दल खाली जे लिहिलं आहे ते 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' धरून आहे. विस्तार नसताना विस्ताराचे सल्ले पाळले तर गोंधळ वाढेल.

ऑटोसेव्ह दर टर्नला होईल असं सेटिंग करा, उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. त्याशिवाय प्रत्येक शहरासाठी तीन सेव्ह हाताने करा: वेढ्याआधी, आत शिरण्याच्या टर्नला आणि तहाच्या बोलणीआधी. नावंही सरळ द्या, 'उज्जैन वेढ्याआधी' अशी. घरात एकच संगणक असेल आणि मामेभाऊ-आतेबहिणी खेळायला बसणार असतील, तर सिव्हिलायझेशनच्या दोन्ही आवृत्त्यांत हॉटसीट आहे. एकाच कीबोर्डवर आळीपाळीने खेळता येतं.

आणि एक वही. तिच्यात चार रकाने आखा: शहर, काम, दर टर्नचा खर्च, कधीपर्यंत ठेवायचं. वही कंटाळवाणी वाटेल, पण शेवटचा रकाना भरण्याची सवय लागली की निम्म्या चुका आपोआप टळतात.

१. वेढा घालण्याआधी शहराचं काम ठरवा

शहराचा उपयोग पाच प्रकारांनी होतो. उत्पन्न. फौजेचा पुढचा तळ. तहातली देवघेवीची वस्तू. मांडलिकाच्या हाती दिलेली आडभिंत. आणि शत्रूच्या हातून काढून घेणं, मग ते आपल्याकडे राहो न राहो. एका शहराला यातलं एकच मुख्य काम द्या. दुसरं जमलं तर तो वरचा फायदा समजा.

काम ठरलं की बाकीचे प्रश्न सोपे होतात. उत्पन्नासाठी घेतलेल्या शहरात बाजार, बंदर, शेतं शाबूत हवीत, म्हणजे तोफांनी आणि दगडफेकी यंत्रांनी ते भाजून काढून चालणार नाही. रोममध्ये अशा शहराला रसद तोडून उपाशी पाडणं परवडतं. तळासाठी घेतलेल्या शहराची लोकसंख्या किती याला महत्त्व नाही. तिथे रस्ते कुठे जातात, तटबंदी किती दिवसांत दुरुस्त होईल आणि जखमी तुकड्या तिथे भरून काढता येतील का, हे बघायचं. रोममध्ये शत्रूच्या शहरात तुमच्या तुकडीला लागणाऱ्या दर्जाची बराक असेल, तर ती तुकडी तिथेच पुन्हा भरता येते. म्हणून वेढ्याआधी हेर आत पाठवून इमारतींची यादी बघा.

सौद्यासाठी घ्यायचं शहर शत्रूला प्रिय हवं आणि तुम्हाला टिकवायला स्वस्त हवं. त्याची राजधानी सहसा या कामाची नसते. ती सांभाळायला इतकी शिबंदी लागते की तहाची बोलणी होईपर्यंत दुसरी आघाडी ढासळते. सरहद्दीवरचं मध्यम शहर किंवा एखादं बंदर बरं.

पाचवा प्रकार नवे खेळाडू विसरतात. शत्रूचं घोड्यांचं किंवा लोखंडाचं एकमेव ठिकाण ज्या शहराच्या हद्दीत आहे, ते शहर दहा टर्न जरी तुमच्याकडे राहिलं तरी त्या दहा टर्नांत त्याची फौज कमकुवत बनते. नंतर शहर गेलं तरी काम झालेलं असतं.

इथे अंतराचा हिशोब करायला हवा. एप्रिल १७५८ मध्ये मराठे लाहोरात शिरले आणि पुढे अटकेपर्यंत पोहोचले. मुलूख घेणं जमलं, पण पुण्यापासून इतक्या लांबची फौज कायमची पोसणं अवघड होतं. म्हणून अदिना बेगला वर्षाला ७५ लाखांच्या करारावर पंजाबचा सुभेदार केलं. त्याच वर्षी तो वारला, त्याच्या तोलाचा दुसरा माणूस तिथे नव्हता आणि १७५९ मध्ये अब्दाली परतला. खेळातही लांबचं शहर एका आधारावर उभं असेल, मग तो एक सरदार असो, एक तुकडी असो वा एक मांडलिक, तर वहीत त्याच्यासमोर 'तात्पुरतं' असंच लिहा.

२. शहर पाडायचं की शरण आणायचं

हल्ला करून घेतलेलं शहर आणि तहात किंवा उपासमारीने हाती आलेलं शहर यांत खेळ मोठा फरक करतात.

सिव्हिलायझेशन ५ मध्ये लढून घेतलेल्या शहराची लोकसंख्या निम्मी होते, काही इमारती जातात आणि लोकसंख्येच्या प्रमाणात काही टर्न प्रतिकार चालतो. त्या काळात शहर काहीच देत नाही. तेच शहर तहाच्या कागदावर मिळालं तर लोकसंख्या अशी निम्म्यावर येत नाही. त्यामुळे शत्रू टेकीला आला असेल तर शेवटच्या शहरावर धडक मारण्याआधी तहाचा पडदा (स्क्रीन) उघडून बघा. पुष्कळदा संगणक एखादं शहर स्वतःहून देऊ करतो. ते लढून घेतलेल्या दोन शहरांपेक्षा कामाचं निघू शकतं.

रोममध्ये वेढ्याच्या पडद्यावर शहर किती टर्न तग धरेल ते लिहिलेलं असतं. तेवढं थांबलात तर तट आणि इमारती शाबूत मिळतात. थांबण्याची किंमत मात्र आहे: तेवढे टर्न तुमची फौज एका जागी असते आणि बाहेरून कुमक आली तर दोन्हीकडून चेपते. म्हणून वेढा घालणारी एक फौज आणि वाटेवर पुलापाशी किंवा खिंडीत उभी अशी दुसरी लहान फौज, असं जोडकाम ठेवा. दुसरी फौज नसेल तर थांबू नका, शिड्या आणि धडक-ओंडके बनवून पुढच्याच टर्नला चढा.

शरण येणाऱ्याला वाट दिली तर शहर लवकर पडतं, हा इतिहासातला जुना हिशोब आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, मानाने बाहेर जाऊ दिलं. लांबलेल्या आणि फार माणसं खाल्लेल्या वेढ्याचा शेवट त्यामुळे आणखी एका रक्तपातात झाला नाही. सगळ्याच खेळांत यासाठी बटण नाही, पण जिथे शिबंदीला निघून जायला जागा मिळते तिथे ती मोकळी ठेवा. तुमचं काम शहराशी आहे.

३. आत शिरल्यावरचा पडदा: कोणतं बटण दाबायचं

हा निर्णय बहुतेक खेळांत परत फिरवता येत नाही. इथेच थांबून वही उघडा.

सिव्हिलायझेशन ५ मध्ये तीन पर्याय येतात: अ‍ॅनेक्स, पपेट, रेझ, म्हणजे अनुक्रमे राज्यात पूर्ण सामील करणं, आपलं म्हणून पण स्वतःच चालू देणं आणि जाळून टाकणं. संशय असेल तर पपेट निवडा. पपेट शहर नंतर कधीही अ‍ॅनेक्स करता येतं, पण अ‍ॅनेक्स केलेलं परत पपेट होत नाही. पपेट शहरात काय बांधायचं ते तुम्ही ठरवू शकत नाही, ते सोन्याकडे झुकतं, आणि त्याचं विज्ञान व संस्कृती २५ टक्क्यांनी कमी मिळते. बदल्यात ताब्यातल्या शहराचा जादा असंतोष टळतो. अ‍ॅनेक्स करायचंच असेल तर प्रतिकार संपेपर्यंत थांबा, कारण तोवर तिथे काही बांधता येत नाही आणि असंतोष मात्र लागू होतो. प्रतिकार संपला की त्याच टर्नला अ‍ॅनेक्स करून कोर्टहाउस (ताब्यातल्या शहराचा जादा असंतोष घालवणारी इमारत) सोनं देऊन विकत घ्या. त्याचा देखभाल खर्च दर टर्न ४ सोनं आहे, म्हणजे जे शहर तेवढंही कमावणार नाही त्याला कोर्टहाउस देऊ नका. ते पपेटच राहू द्या.

रेझ केलं की शहराची लोकसंख्या दर टर्नला एकाने घटते. राजधान्या आणि नगरराज्यं रेझ होत नाहीत. मोठं शहर जाळायला घेतलं तर ते संपेपर्यंत असंतोष भोगावा लागतो, तेव्हा हा पर्याय चुकीच्या जागी वसलेल्या लहान शहरांपुरताच ठेवा.

रोममध्ये तीन वाटा आहेत: ताबा, गुलामगिरी, कत्तल. नवे खेळाडू सवयीने ताबा घेतात आणि २०,००० वस्तीचं परकं शहर अंगावर ओढून घेतात. लोकसंख्या जास्त म्हणजे बकालपणा जास्त, परकी संस्कृती म्हणजे नाराजी जास्त, राजधानी लांब म्हणजे आणखी नाराजी. तीन ओझी एकदम आली की शिबंदी कितीही ठेवा, दंगे होतातच. गुलामगिरीत निम्मी वस्ती तुमच्या अशा शहरांत वाटली जाते जिथे सुभेदार बसलेला आहे. तुमची लहान शहरं पुढच्या पायरीच्या उंबरठ्यावर अडली असतील तर हा पर्याय फार मोलाचा. त्यासाठी शहरात शिरण्याच्या आदल्या टर्नला सुभेदार योग्य शहरांत नेऊन बसवा आणि नको त्या शहरांतून बाहेर काढा. कत्तलीत सुमारे तीन चतुर्थांश वस्ती जाते. ती अवाढव्य, लांबच्या आणि वारंवार बंड करणाऱ्या शहरासाठीच राखून ठेवावी, कारण रिकामं शहर कर देत नाही आणि त्याला पुन्हा भरायला अनेक पिढ्या लागतात.

मिडीव्हल २ मध्ये लूट हा वेगळा पर्याय आहे. त्यात पैसा सर्वांत जास्त हाती येतो आणि वस्ती काही प्रमाणात घटते. पण तुमच्या सेनापतीच्या स्वभावावरही परिणाम होतो. सौम्य ताबा घेणाऱ्याची उदारता वाढते, लुटणाऱ्या-मारणाऱ्याची दहशत. एकाच सेनापतीला दोन्हीकडे खेचू नका. आज लूट, उद्या दया असं केलं की दोन्ही गुण अर्धवट राहतात आणि त्याचा ना सुभेदार म्हणून उपयोग होतो ना जरब म्हणून.

लुटीबद्दल एक दाखला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८०१ च्या जुलैमध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने शिंद्यांचं उज्जैन घेतलं आणि तिथल्या रहिवाशांकडून मोठी रक्कम उकळली. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांच्या फौजेने होळकरांचं इंदूर लुटलं. लुटीचा पैसा एकदाच मिळतो, आणि बदला घेणाऱ्याला तुमच्या सर्वांत श्रीमंत शहराचा रस्ता ठाऊक असतो. बटण दाबण्याआधी नकाशावर स्वतःचं सर्वांत उघडं शहर शोधा. त्यात शिबंदी नसेल तर आधी ती पाठवा.

४. पहिले पाच टर्न

पहिल्या टर्नला दुरुस्ती. अन्न आणि सुव्यवस्था देणाऱ्या इमारती आधी, लष्करी इमारती नंतर. अपवाद फक्त तळासाठी घेतलेल्या शहराचा.

त्याच टर्नला कर. रोम आणि मिडीव्हलमध्ये कर सर्वांत खालच्या पायरीवर आणा. एम्पायरमध्ये प्रदेशाला करातून पूर्ण सूट देण्याचं बटण आहे, तेच वापरा. नव्या प्रदेशातला परकीय सत्तेविरुद्धचा राग काळाने कमी होतो, तोवर तिथून पैसा उपसण्याचा हट्ट धरू नका. दर दोन-तीन टर्नांनी सूट काढून आकडा बघा. सुव्यवस्था शून्याच्या वर राहत असेल तर कर चालू, नाहीतर पुन्हा सूट.

दुसऱ्या टर्नपासून शिबंदी. रोममध्ये सुव्यवस्थेसाठी तुकडीचा दर्जा मोजला जात नाही, डोकी मोजली जातात. म्हणून मागच्या दाट वस्तीच्या शहरात शेतकऱ्यांच्या स्वस्त तुकड्या भरती करून पुढे आणा आणि कसलेल्या तुकड्या मोकळ्या करा. हेच शेतकरी दुसऱ्या लहान शहरात नेऊन बरखास्त केले तर त्या शहराची वस्ती तितक्याने वाढते. गर्दीच्या शहरातून ओसाड शहरात माणसं हलवण्याची ही खात्रीची वाट आहे.

तिसऱ्या टर्नपासून परकी छाप पुसायला घ्या. रोममध्ये शहराची मुख्य सरकारी इमारत परक्या संस्कृतीची असेल तर नाराजी कायम राहते, तिची पुढची पायरी बांधली की ती तुमच्या संस्कृतीची होते. देवळंही बघा. परकं देऊळ पाडून स्वतःचं बांधेपर्यंत मधल्या टर्नांत सुव्यवस्था घसरते, तेव्हा ते शिबंदी भरपूर असतानाच करा. राज्य एका दिशेने फार वाढलं असेल तर राजधानी मध्यावर हलवा. शहराच्या तपशिलाच्या पडद्यावर ते बटण आहे, आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही ते माहीत नसतं.

शिबंदी कोणाची आहे हेही बघा. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला तट होता, तोफा होत्या, पण जयाजीराव शिंद्यांची बरीचशी फौज १८५७ च्या उठावातल्या सैन्याला मिळाली आणि त्यांना आग्र्याला जावं लागलं. मिडीव्हल २ मध्ये निष्ठा कमी असलेला सेनापती शहरासकट उठतो. नव्या शहरात सुभेदार बसवताना त्याचे बाकीचे गुण नंतर वाचा, निष्ठेचा आकडा आधी.

५. सिव्हिलायझेशन ६: निष्ठेचा हिशोब

हा भाग नीट वाचा, कारण इथे नवे खेळाडू सर्वांत जास्त शहरं गमावतात आणि कारण त्यांच्या लक्षात येत नाही.

शहराची निष्ठा ० ते १०० असते. ती ० झाली की शहर स्वतंत्र होतं आणि तुमच्यावर उलटतं. आजूबाजूच्या ९ घरांच्या (नकाशावरच्या षटकोनी चौकटींच्या) आतली प्रत्येक लोकवस्ती आपल्या बाजूला ओढते, आणि दर घराच्या अंतराला ही ओढ १० टक्क्यांनी कमी होते. खेळ प्रत्येक राज्याला कामगिरीनुसार बरं-वाईट युग देतो: सुवर्णयुगातल्या राज्याची ओढ दीडपट, अंधारयुगातल्याची निम्मी. म्हणजे तुम्ही अंधारयुगात असाल आणि शत्रू सुवर्णयुगात, तर त्याच्या मुलखात खोलवर एकटं शहर घेणं वायाच जाणार. दोन-चार टर्नांत युग बदलणार असेल तर वेढा लांबवा.

उदाहरण घेऊ. समजा शहर घेतल्यावर निष्ठा ५० आहे आणि दर टर्नला १४ ने घटते. काही केलं नाही तर चौथ्या टर्नला शहर गेलं. आता गव्हर्नर पाठवला: अधिक ८. तो स्थिरावण्याची वाट बघावी लागत नाही, नेमल्याबरोबर हा आकडा लागू होतो. तुकडी शहरात उभी करून 'लिमिटानी' हे धोरण लावलं: अधिक २. घट उरली ४, म्हणजे बारा टर्न मिळाले. स्मारक दुरुस्त केलं किंवा विकत घेतलं: अधिक १. घट ३, म्हणजे सोळा टर्न. या सोळा टर्नांत तुम्हाला एकच काम करायचं आहे, शेजारचं शत्रूचं शहर घेणं. ते पडलं की त्याची ओढ तर जातेच, वर ती तुमच्या बाजूने लागते, आणि दोन्ही शहरं एकमेकांना सावरतात.

यावरून आक्रमणाची पद्धत ठरते. एक-एक शहर सुटं घेऊ नका. नकाशावर पाच-सहा घरांच्या अंतरातली दोन किंवा तीन शहरं निवडा, आणि पहिलं पडण्याआधी दुसऱ्याच्या तटापाशी फौज पोहोचलेली असू द्या. सर्वांत मोठ्या वस्तीचं शहर आधी घ्या, कारण बाकीच्यांना तेच ओढून धरत असतं.

निष्ठा ७५ च्या खाली गेली की उत्पन्न आणि वाढ दोन्ही घटतात, हे विसरू नका. 'शहर अजून माझंच आहे' एवढ्यावर समाधान मानलं तर ते नुसतं खात राहतं. आणि तहाच्या वेळी त्या शहराचा हक्क शत्रूने कायमचा सोडल्याची नोंद यादीत घालून घ्या. घाईत फक्त शांतता स्वीकारली की हे राहून जातं.

६. दुसऱ्याच्या हाती ठेवायचं शहर

युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ मध्ये वेढा जिंकलात म्हणजे ताबा मिळाला, मालकी नव्हे. मालकी तहात ठरते. तहात भरमसाट प्रांत मागितले की अतिविस्ताराचा आकडा चढतो, तो १०० टक्क्यांच्या वर गेला की संकटांच्या घटना सुरू होतात. शिवाय नवा प्रांत आपला 'कोर' (हक्काचा मुलूख) व्हायला साधारण ३६ महिने आणि प्रशासकीय गुण लागतात, आणि फुटीरतेची धग ३० वर्षांपर्यंत विझत जाते.

म्हणून अनुभवी खेळाडू सगळं स्वतः गिळत नाहीत. ज्या जुन्या राज्याचे हक्क शत्रूच्या प्रांतांवर अजून शिल्लक आहेत, त्या राज्याला मांडलिक बनवायचं आणि त्याच्या नावाने ते प्रांत परत मिळवून द्यायचे. शेजाऱ्यांची नाराजी कमी होते आणि कोर करण्याचा खर्च तुमच्या माथी येत नाही. मांडलिकाची स्वातंत्र्याची ओढ ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. तो फार मोठा होऊ लागला की प्रांत देणं थांबवा. पुढे सामील करून घ्यायचं असेल तर १० वर्षं मांडलिकी आणि त्याचं तुमच्याबद्दल १९० चं मत लागतं, तेव्हा त्याच्याशी संबंध पहिल्या दिवसापासून जपा.

एकच शहर दोघांनी वाटून घेणं खेळांत फारसं जमत नाही. अहमदाबादचा महसूल पेशवे आणि गायकवाड यांनी वाटून घेतला आणि ती व्यवस्था अनेक दशकं चालली. खेळात त्याच्या जवळ जायचं तर शहर दोस्ताला द्या आणि व्यापारी मार्ग किंवा दर टर्नचं सोनं स्वतःकडे ठेवा.

७. तहाच्या पटावर शहर

रोम, मिडीव्हल २ आणि एम्पायरमध्ये प्रदेश देता-घेता येतो. टिकवता न येणारं शहर फुकट घालवण्यापेक्षा विकावं. कोणाला? तुमच्या शत्रूच्या शत्रूला. दोघांच्या मध्ये ते पडलं की ते आपसांत झगडत राहतात आणि तुमची सरहद्द मोकळी होते. एम्पायरमध्ये संगणक प्रदेशाच्या बदल्यात तंत्रज्ञान द्यायला पुष्कळदा तयार होतो. मागायचं असेल तर आधी तंत्रज्ञानच मागा, पैसा नंतर.

१७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉफमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून शिंद्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, आणि इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला. काही वर्षांतच महादजींनी तो परत मिळवला. दुबळ्या दोस्ताला दिलेलं शहर त्याच्याकडे किती टिकेल, हे देण्याआधी मोजा: त्याची फौज, त्याची तिजोरी आणि तुमची कुमक तिथे पोहोचायला लागणारे टर्न. १८८६ चा सौदा उलट्या जातीचा. ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला आणि झाशी इंग्रजांकडे गेली. दोन्ही बाजूंना स्वतःच्या मुलखाला लागून असलेली वस्तू मिळाली. खेळातही अदलाबदल अशीच शोधा: तुम्हाला लांब आणि त्याला जवळ असं शहर द्या, आणि त्याच्या उलट असलेलं मागा.

सिव्हिलायझेशनमध्ये मुक्त करणं हाही सौदाच आहे. नगरराज्य किंवा संपलेल्या राज्याचं शहर त्याच्या मूळ मालकाला परत दिलंत तर सदिच्छा मिळते आणि आवृत्ती ५ मध्ये जागतिक मतदानात ती उपयोगी पडते. जिथे शहर ठेवूनही काही साधत नाही, तिथे आधी हे बटण आहे का बघा.

८. सोडून जायचं ठरलं तर

शत्रूची मोठी फौज दोन टर्नांवर आहे आणि तुमच्याकडे तीन तुकड्या आहेत. शहर सोडा. पण सोडण्याची रीत आहे. रोम आणि मिडीव्हलमध्ये इमारती पाडल्या की थोडे पैसे परत मिळतात. बराकी आणि यंत्रशाळा आधी पाडा, म्हणजे शत्रूला तिथे भरती करता येणार नाही. कर शेवटच्या टर्नला सर्वांत वर चढवा. तुकड्या बाहेर काढून पुढच्या शहराच्या वाटेवरच्या खिंडीत बसवा.

जे शहर परत घ्यायचं आहे ते मात्र असं उजाड करू नका. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. १६७० मध्ये सिंहगडापासून ते परत घ्यायला सुरुवात झाली. दिलेल्या गडांच्या वाटा आणि आसपासचा मुलूख मावळ्यांच्या पायाखालचा होता. खेळात परत यायचं असेल तर हेर शहरात ठेवून जा, म्हणजे पुढच्या खेपेला आतल्या शिबंदीचा आकडा तुम्हाला आधीच दिसेल आणि रोममध्ये हेर दरवाजा उघडून देण्याचीही शक्यता राहते.

९. सराव

सिव्हिलायझेशन ६ मध्ये सर्वांत लहान नकाशा, प्रिन्स (मध्यम) पातळी आणि एकच प्रतिस्पर्धी घेऊन डाव सुरू करा. त्याचं सरहद्दीवरचं शहर घ्या आणि शिरण्याच्या टर्नला सेव्ह करा. त्या सेव्हवरून पहिल्यांदा शहर ठेवा, गव्हर्नर आणि तुकडी बसवा आणि वीस टर्न खेळा. मग त्याच सेव्हवर परत येऊन ते जाळा आणि वीस टर्न खेळा. तिसऱ्या वेळी ते घेऊन लगेच तहात परत द्या आणि बदल्यात दर टर्नचं सोनं मागा. तिन्ही वेळांच्या विसाव्या टर्नला तिजोरी, फौजेची संख्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या तक्रारींचा आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहा.